चिलखताचा निम्मा खर्च

नोटीस आली तेव्हा कवळीवालीच्या हातात कोणाचा तरी वरचा जबडा होता. गुलाबी मेणात बारा दात बसवून झाले होते, शेवटच्या दोन दाढा तेवढ्या राहिल्या होत्या. कुरिअरवाल्याने दारातूनच हाक मारली तशी तिने हात अ‍ॅप्रनला पुसले, पण अंगठ्याचं मेण काही गेलं नाही. त्याच्या वहीत तिच्या सहीशेजारी गुलाबी ठसा उमटला.

"सरकारी दिसतंय," बाजूच्या टेबलावरून प्लास्टरकाका म्हणाले. लॅबमध्ये साचे ओतायचं काम त्यांचं. दुपारपर्यंत भुवयांसकट पांढरे होऊन जायचे, त्यामुळे त्यांचं खरं वय कोणालाच कळत नसे.

"सरकारी नाही, घरचं आहे."

"मग जास्त वाईट."

ती हसली नाही. मेण कापायच्या सुरीने तिने पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. दोन पानं होती. माजी नवऱ्याचे कामाचे तास कंपनीने कमी केले आहेत, सबब मुलीची पोटगी चाळीस टक्क्यांनी कमी करावी, असं पहिल्या पानावर. मुलीच्या पाठीसाठी आईने परस्पर केलेल्या खर्चाशी अर्जदाराचा संबंध नाही, असं दुसऱ्यावर. ‘परस्पर’ हा शब्द तिने दोनदा वाचला. मग पाकीट खिशात कोंबून ती खाली बसली आणि उरलेल्या दाढा लावल्या. चार दिवसांनी तो जबडा दवाखान्यातून परत आला. मागे चावतच नाही, अशी चिठ्ठी होती. चौदा वर्षांत अशी चिठ्ठी तिच्या कामाला पहिल्यांदा लागली.

लग्न मोडून तेव्हा पाच वर्षं होत आली होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. माणूस वाईट नव्हता, पण घरात असला तरी नसल्यासारखा, आणि बोलला की भांडल्यासारखा. तिची जीभही काही साखरेत घोळलेली नव्हती. शेवटी दोघांनी मिळूनच अर्ज केला. मुलगी आईकडे राहील, एक आड एक शनिवार-रविवार बापाकडे जाईल, बाप दरमहा ठरलेली रक्कम देईल, एवढं सगळं बिनबोभाट पार पडलं. कागदाच्या शेवटी एक ओळ होती: शाळा आणि दवाखान्याचा जादा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करावा, एकमेकांना आधी विचारून. सही करताना ती ओळ कोणाच्याच डोळ्यांत खुपली नव्हती.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, आता अकरा पूर्ण. तोंडाची टकळी कधी बंद नाही, हाताला लागेल ती वस्तू कुठेतरी दडवून ठेवायची, म्हणून तिला घरात खारू म्हणत. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या व्यायामाच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की हिचा एक खांदा वर दिसतो. कवळीवालीला वाटलं, दप्तराचं ओझं. फोटो काढला तर कणा एका बाजूला झुकलेला निघाला, चोवीस अंश.

"वाढीचं वय आहे, नजर ठेवू," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "पंचवीस अंशांच्या पुढे गेला तर पाठीला ब्रेस लावावाच लागेल. दिवसाचे अठरा-वीस तास."

चार महिन्यांनी फोटोत एकोणतीस दिसले.

तिने त्याच संध्याकाळी लिफ्टवाल्याला निरोप पाठवला, फोटोसकट. ब्रेस प्रत्येक मुलाच्या मापाचा वेगळा करावा लागतो आणि मूल वाढलं की नवा, हेही लिहिलं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: ‘घाई नको. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मी सांगतो.’ तिने एक आठवडा वाट पाहिली, दुसरा पाहिला. तिसऱ्या आठवड्यात फोन केला तर तो कुठल्यातरी इमारतीच्या शाफ्टमध्ये लटकलेला होता. "नंतर बोलतो," म्हणाला. तो ‘नंतर’ काही आला नाही. मग तिने एक घाव दोन तुकडे केले. बचतीत हात घातला आणि ब्रेस करायला दिला.

माप घेतलं त्या दिवशी ती खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. कारागिराने मुलीचा साचा घासून घासून आकाराला आणला, कुठे दाब हवा, कुठे पोकळी हवी, ते पेन्सिलने आखलं. हे काम तिला समजावून सांगावं लागत नव्हतं. केसभर चुकलं तर हिरडी सोलून निघते, हे जिने हजार वेळा पाहिलं, तिला पोरीच्या बरगडीवरचा दाब म्हणजे काय ते कळतच होतं. हाडांचे चार डॉक्टर हजर असते तरी तिने त्या कारागिरालाच आधी प्रश्न विचारले असते. खारूने ब्रेस अंगात चढवला, मागचे पट्टे आवळले, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हे तर चिलखत आहे." त्या दिवसापासून त्याचं नाव चिलखतच पडलं.

त्याच्या निम्म्या खर्चाची मागणी तिने बिलासकट पाठवली. उत्तर आलं ते या नोटिशीच्या रूपाने.

वकीलबाईंचं ऑफिस एका छपाईच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढताना खालच्या यंत्राची धडधड पायांतून वर यायची. वकीलबाईंनी नोटीस वाचली, चष्मा कपाळावर सरकवला.

"हे बघा, पोटगी बदलून मागता येते. दोघांपैकी कोणाचीही परिस्थिती खरोखर बदलली असेल तर. त्याचे तास कमी झालेत, पगाराची पत्रं जोडलीत. म्हणजे त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण तुमचीही परिस्थिती बदललीय. मुलीचा आजार नवा आहे, खर्च दर वर्षी येणार आहे. आपणही अर्ज टाकू, वाढीचा."

"आणि ते ‘आधी विचारून’?"

"तुम्ही विचारलंत. तीन आठवडे थांबलात. निरोप आहेत ना जपून?"

"आहेत."

"मग झालं. आता एकच सांगा, तास कमी झाले म्हणतो, तर रिकाम्या वेळात तो काय करतो? असला हुन्नर हातात असलेला माणूस गप्प घरी बसत नाही. बाहेरची रोख कामं करत असेल तर आकडे फिरतील." त्यांनी पेन उघडलं. "आणि तुमची? लॅबच्या पगाराशिवाय काही?"

"नाही," कवळीवाली म्हणाली.

हे तितकंसं खरं नव्हतं. गेली तीन वर्षं दोन दवाखान्यांतून मोडलेल्या कवळ्या तिच्या घरी येत. तुटलेला दात, तडकलेली टाळू. स्वयंपाकघराच्या खिडकीशी लहानसं पॉलिशचं यंत्र ठेवलं होतं, संध्याकाळी तासभर ती बसायची. पैसे पाकिटातून हातात. ते किती, हे तिने कधी जोडून पाहिलं नव्हतं. जोडून पाहिलं तर ती कमाई ठरेल, म्हणून असेल.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार व्हायला दहा दिवस होते. पाचव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, खारू बापाकडून परत आली.

कवळीवाली तिची वेणी सोडून केस विंचरत होती. चिलखतामुळे मुलीला हात मागे नेऊन वेणी घालता येत नसे, म्हणून हे काम आता आईकडे आलं होतं. खारूचं तोंड चालूच होतं. बाबांच्या घरातलं बाळ आता बसायला लागलं, बाबांच्या बायकोने तिला बाळाची नखं कापायला दिली, एक नख उडून चहात पडलं.

"आणि आज ना, बाबाने मला लिफ्टच्या वरच्या खोलीत नेलं! गच्चीवर असते. एवढं मोठं चाक, आई! तेलाचा वास. मी बटण दाबलं तर खालून लिफ्ट आली."

कवळीवालीचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, पहिल्यापेक्षा हळू.

"रविवारी कंपनीचं काम असतं का गं?"

"कंपनीचं नव्हतं. ते काका आले होते ना, त्यांच्या इमारतीचं. त्यांनी बाबाला पाकीट दिलं."

"अस्सं. कुठली इमारत? शाळेकडची?"

"नाही, पुलाच्या पलीकडची. हिरव्या खिडक्यांची."

"नेहमी जातो का तिथे?"

"दर रविवारी. आणि अजून एक..." खारू बोलता बोलता थांबली. तिने मान वळवली नाही, केस आईच्या मुठीत होते, पण समोरच्या आरशात दोघींची नजरानजर झाली. आईचा चेहरा कसा दिसत होता ते आईला दिसलं. उंदराच्या बिळाशी बसलेल्या मांजरासारखा.

"का विचारतेस?" खारू म्हणाली.

"सहज."

पुढे मुलगी एक शब्द बोलली नाही. वेणी घालून झाली तशी उठून गेली.

सकाळी शाळेला निघताना ती दाराशी रेंगाळली. बुटाच्या नाड्या दोनदा सोडून दोनदा बांधल्या. "आई, काल मी गंमत केली. ती चाकाची खोली वगैरे. मी ते टीव्हीत पाहिलं होतं."

"हो का?"

"हो. बाबा रविवारी झोपतो नुसता."

आणि ती जिना उतरून गेली, चिलखतामुळे पाठ ताठ, एखाद्या शिपायासारखी. कवळीवाली दार धरून उभी राहिली. खारू लहानपणी दडवादडवी करायची, पण खोटं बोलायची नाही. विचारलं की लगेच दाखवायची, हे बघ इथे आहे म्हणून. आज पहिल्यांदा ती सरळ आईच्या तोंडाकडे बघून खोटं बोलली होती, आणि तेही नीट घोकून.

इथे कोणी म्हणेल की मग प्रश्न मिटला, त्या बाईने गप्प बसावं. पण तिने त्याच दुपारी लॅबमधून वकीलबाईंना फोन करून पूल, हिरव्या खिडक्या, पाकीट, सगळं सांगितलं. रागच तसा होता. माझी पोर वाकत चालली होती तेव्हा हा तीन आठवडे ‘नंतर बोलतो’ म्हणत होता, आणि रविवारी पाकिटं घेत होता! वकीलबाई खूश झाल्या.

"उत्तम. हे मसुद्यात घालते. तो नाही म्हणाला तर कोर्ट मुलीला आत बोलावून विचारू शकतं. एकटीला, प्रेमाने विचारतात, घाबरायचं काही नाही."

फोन ठेवल्यावर प्लास्टरकाका हात धूत म्हणाले, "जिंकलीस वाटतं."

"असं का म्हणता?"

"तोंड बघ ना. जिंकलेल्या माणसाचं असंच होतं. कडू."

तो आठवडा घरात मोठा विचित्र गेला. खारू विचारलं तेवढं सांगायची. शाळा कशी झाली, बरी. जेवायला काय, काहीही. आईने जवळ येऊन पट्टे आवळले की श्वास रोखून उभी राहायची आणि झालं की निघून जायची. जिचं तोंड बंद कर म्हणून दहादा ओरडावं लागे, तिच्या खोलीबाहेर उभं राहून आता आई आतला आवाज ऐकत असे. आत काही आवाज नसायचा. एकदा कवळीवालीने मुद्दाम विचारलं, "पुढच्या शनिवारी बाबाकडे जायचंय ना?" तर पोर म्हणाली, "तुला पाहिजे असेल तर."

सहीच्या दिवशी मसुदा समोर आला. सातव्या कलमात सगळं टापटीप लिहिलेलं होतं: ‘अर्जदार दर रविवारी खासगी इमारतींची कामे करून रोख रक्कम घेतो, ही बाब अज्ञान मुलीने स्वतः पाहिली असून...’ तिने ते वाचलं. मग पाचवं कलम वाचलं, ज्यात तिला लॅबच्या पगाराव्यतिरिक्त कोणतेही उत्पन्न नाही असं होतं. दोन्ही कलमं एकाच पानावर होती, मध्ये जेमतेम बोटभर जागा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ते हेच, आणि तेही टाईप करून, स्टँप लावून.

"मॅडम, सातवं काढा."

"काय?"

"मुलगी नको यात. तिने पाहिलं, तिने सांगितलं, काही नको. आणि पाचवंही बदला. मी घरी कवळ्या दुरुस्त करते. रोख मिळतात."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. खालून छपाईयंत्राची धडधड येत होती. "तुम्हाला कळतंय का काय करताय? त्याच्याविरुद्धचा पुरावा फेकताय आणि स्वतःविरुद्धचा आयता हातात देताय. असं कोणी करतं का?"

"माझ्या पोरीला उद्या कोणी आत बोलावून विचारलं, तर ती माझ्यादेखत बोलली तसंच बोलेल. खोटं. बापासाठी. मग तुमचा तो पुरावा कुठे राहिला?"

"ते आपण..."

"आणि खरं बोलली तर बापाला कायमची मुकेल. मला दोन्ही नको."

वकीलबाईंनी चष्मा खाली घेतला आणि दोन्ही कलमांवर काट मारली. "फी मात्र तीच राहील," त्या म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात कवळीवाली पहिल्यांदा हसली.

न्यायाधीशांपुढे जाण्याआधी दोघांना तडजोडीच्या खोलीत बसवायची रीत होती. खोलीत एक लांब टेबल, सहा खुर्च्या, आणि कोपऱ्यात लहान मुलांसाठी खेळण्यांची टोपली, जिला हात लावलेला कधी कोणी पाहिला नसावा. समुपदेशक बाई पिकल्या केसांच्या, आवाज बारीक, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत कोणाला मध्ये बोलू देत नसत.

लिफ्टवाला समोर बसला होता. वाळला होता. उजव्या हाताच्या नखांत काळं तेल होतं, घासूनही न निघालेलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"ब्रेसबद्दल तुम्हाला विचारलं गेलं होतं का?" समुपदेशक बाईंनी त्याला विचारलं.

"विचारलं म्हणजे काय, फोटो पाठवला. मला त्यातलं काय कळतं? मी म्हटलं थांब, तर हिने लगेच..."

"तीन आठवडे," कवळीवाली म्हणाली.

"तुमची पाळी येईल."

तिची पाळी आली. समुपदेशक बाईंनी उत्पन्नाबद्दल विचारलं तेव्हा तिने लॅबचा पगार सांगितला, आणि मग म्हणाली, "शिवाय घरी कवळ्या दुरुस्त करते, तीन वर्षं. आधी मी हे लपवलं होतं. पाकिटं मोजून बघितली, सरासरी पगाराच्या सहाव्या हिश्शाएवढे येतात."

वकीलबाईंनी छताकडे पाहिलं. लिफ्टवाल्याने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या वकिलाने घाईघाईने काहीतरी लिहून घेतलं.

"आणि तुमचं?" समुपदेशक बाईंनी त्याला विचारलं. "कंपनीच्या पगाराशिवाय?"

टेबलावरचं घड्याळ टिकटिकत होतं. कवळीवालीने दोन्ही हात मांडीवर आवळून धरले. आता एक शब्द, पूल, असा नुसता एक शब्द तिने उच्चारला असता तर त्याचं धाबं दणाणलं असतं. तो शब्द तिच्या दातांमागे येऊन उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खेळण्यांच्या टोपलीकडे.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

समुपदेशक बाईंनी लिहून घेतलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची पडली.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई चिडून म्हणाल्या, "बघितलंत? आता त्याचा आकडा कमी आणि तुमचा जास्त. यालाच म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं."

घरी जाताना कवळीवाली दोन थांबे पुढे गेली आणि मागे चालत आली. आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे तिला खरंच कळत नव्हतं. खर्च तर थांबणार नव्हता. सहा महिन्यांत चिलखत अपुरं पडणार, हे कारागिराने सांगून ठेवलं होतं.

शनिवारी लिफ्टवाला खारूला न्यायला आला. जिन्याखाली उभा राहिला, वर आला नाही. रविवारी संध्याकाळी सोडून गेला. आणि अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. तो कधी फोन करत नसे, निरोप पाठवत असे, म्हणून तिला वाटलं काहीतरी विसरलं असेल.

"तू तिला काही शिकवलंस का?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता.

"काय?"

"आज मी निघालो, म्हटलं चल, चाक बघायला. तर म्हणाली, नको बाबा, तू पण जाऊ नकोस. म्हटलं का? तर म्हणते, मी आईला सांगितलं की मी गंमत केली होती. तुझं मी सांभाळून घेतलंय. पण तू आता रविवारी झोपत जा, म्हणजे ते खोटं राहणार नाही."

कवळीवाली खिडकीशी खुर्चीत बसली. समोर कोणाची तरी दुरुस्त केलेली कवळी वाळत पडली होती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "परवा त्या खोलीत. तुला सगळं माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. विंचरता विंचरता. इमारत कुठली, खिडक्या कसल्या." तिने समोरची कवळी बाजूला सरकवली. "तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये. धड बोलत नाहीये. तू तिच्याकडून लपवून घेतोस, मी तिच्याकडून काढून घेते. अकरा वर्षांची आहे रे ती."

पलीकडे बाळ रडत होतं. कोणीतरी त्याला उचललं असावं, आवाज लांब गेला.

"बाळाची आई सध्या कामावर नाही," तो म्हणाला. "भाडं, दूध, सगळं माझ्यावर. तास खरंच कमी झालेत, तू मान किंवा नको मानू. मला वाटलं, ते रविवारचं सांगितलं तर सगळंच जाईल."

"मी मानते."

"आणि तो फोटो मी उघडलाच नव्हता नीट. तीन आठवडे. भीती वाटत होती."

"तारखेला भेटू," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती खारूच्या खोलीत गेली. मुलगी पालथी पडून पुस्तक वाचत होती.

"खारू, मी त्या दिवशी सहज विचारलं नव्हतं."

"माहितीये मला."

"पुन्हा असं विचारणार नाही. बाबाकडे काय झालं ते तुला सांगायचं असेल तर सांग, नसेल तर नको. आणि कोणाचं काही सांभाळून घेऊ नकोस. आम्ही मोठे आहोत."

"दिसत तर नाही," खारू पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. तोंडाळपणाबद्दल एरवी तिला बोलणी बसली असती. कवळीवाली दार ओढून बाहेर आली.

तारखेला लिफ्टवाला वेळेआधी येऊन बसला होता. समुपदेशक बाईंनी फाईल उघडायच्या आत त्याने घडी घातलेला एक कागद टेबलावर सरकवला. दोन इमारती, दर रविवारची देखभाल, मिळणारी रोख रक्कम, सगळं त्याच्याच वळणाच्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. त्याच्या वकिलाला हे आधी सांगितलेलं नव्हतं, हे वकिलाच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं.

"मागच्या वेळी मी खोटं सांगितलं," तो म्हणाला. "ते दुरुस्त करून घ्या."

म्हणून सगळं गोडीगुलाबीत झालं असं मात्र नव्हे. त्या दिवशी अडीच तास घासाघीस चालली. शाळेच्या सहलीचा खर्च जादा की नेहमीचा, यावर तर आवाज इतके चढले की दाराबाहेरच्या शिपायाने डोकावून पाहिलं. तो म्हणाला, तू मला विचारत नाहीस, कळवतेस. ती म्हणाली, तुला विचारायचं तर शाफ्टमध्ये उतरावं लागतं. समुपदेशक बाईंनी पेन टेबलावर आपटलं.

शेवटी जे ठरलं ते न्यायाधीशांनी मान्य केलं. त्याचा पगार घटला होता हे खरं, म्हणून महिन्याची रक्कम कमी झाली, पण चाळीस टक्के नव्हे, दहा. चिलखताचा निम्मा खर्च जुन्या करारानुसार त्याने सहा हप्त्यांत द्यायचा. पुढचा जादा खर्च निम्मा-निम्मा नाही, ज्याची त्याची कमाई पाहून पाचातले तीन वाटे त्याचे, दोन तिचे. उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून दिलेल्या गोष्टीला आधी विचारायची अट नाही, पंधरा दिवसांत बिल पाठवलं की पुरे. बाकी क्लास, सहली, खेळ यांना मात्र आधी विचारायचं, आणि दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजायचा. ही शेवटची अट कवळीवालीने घालून घेतली. दर वर्षी दोघांनी कमाईचे कागद एकमेकांना दाखवायचे, रविवारच्या आणि स्वयंपाकघरातल्या कमाईसकट.

बाहेर पडताना तो म्हणाला, "याचा अर्थ तुझं बरोबर होतं असा नाही."

"तुझंही नव्हतं," ती म्हणाली.

पावसाळ्यानंतर दुसऱ्या चिलखताचं माप घ्यायची वेळ आली. कवळीवालीने फक्त तारीख कळवली. लिफ्टवाला कंपनीच्या कपड्यांतच आला आणि दाराजवळ उभा राहिला. कारागीर पेन्सिलने साच्यावर रेघा ओढत होता. थोड्या वेळाने लिफ्टवाला पुढे झाला आणि त्याने विचारलं, इथे एवढा दाब कशाला? कारागिराने समजावून सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, आणि दुसऱ्या बाजूला मोकळं का? म्हणजे वजन तिकडे ढकलायला? अगदी बरोबर, कारागीर म्हणाला. या माणसाला यंत्रातलं जे कळतं ते त्याने आधी पोरीच्या पाठीकडे बघून वापरलं असतं तर, असं कवळीवालीच्या मनात येऊन गेलं.

नव्या फोटोत तीस अंश दिसले. कमी झाले नव्हते. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वर्षात एका अंशावर थांबवलं म्हणजे चिलखत काम करतंय, आणखी दोन वर्षं धीर धरा.

त्यांनी पाठीसाठी पोहायलाही सांगितलं होतं, पण तोंडी. तेव्हा तो उपचार की खेळ, यावरून दोघांत पुन्हा निरोपांची लढाई जुंपली. तिने डॉक्टरांकडून लिहून आणलं. त्याने आपला वाटा चार दिवस उशिरा भरला आणि खाली लिहिलं, ‘पोहण्याचा टॉवेल यात धरलेला नाही.’ ती ते वाचून लॅबमध्ये एवढ्या मोठ्याने हसली की प्लास्टरकाकांच्या हातातला साचा हलला.

तलावाच्या पायऱ्यांवर खारूने चिलखत काढून आईच्या हातात दिलं. ते गरम होतं, आतून घामाने ओलं. पाण्यात उतरण्याआधी ती वळली.

"याचे पैसे कोण देणार आहे?"

"आम्ही दोघं. उतर आता."

खारूने नाक धरलं आणि उडी मारली. कवळीवाली चिलखत मांडीवर घेऊन बसली आणि आतलं अस्तर रुमालाने पुसत राहिली. पुढच्या मंगळवारी पोरीला आणायची पाळी लिफ्टवाल्याची होती.